फ्रिजवाल्याच्या हत्याराने ब्रेकची नळी नको!



जिल्हा बैठकीच्या अंकात ब्रेकच्या नळीवर लेख कशाला, असे कोणी विचारील. कापसाचा भाव, ज्वारीचा भाव, विजेचे बिल, बँकेची नोटीस एवढे विषय पडले असताना गाडीखाली काय शिरता? विचारणाऱ्याने दिवाळीनंतर सकाळी मंगरूळपीरहून निघणाऱ्या कोणत्याही रस्त्यावर उभे राहावे. कारंजाकडे, मानोऱ्याकडे, शेलूबाजाराकडे, वाशीमकडे पिकअप, छोटा हत्ती, जुन्या जीपा पळताना दिसतील आणि मागे कापूस वेचायला निघालेल्या बाया दाटीने उभ्या दिसतील. संध्याकाळी त्याच गाडीत कापसाचे गठ्ठे चढतात आणि गठ्ठ्यांवर पुन्हा माणसे. मालाच्या गाडीत माणसे नेऊ नयेत हा कायदा आम्हालाही माहीत आहे. बसायला दुसरी गाडी नाही, हे मात्र कायद्याला माहीत नाही. या सगळ्यांचा जीव करंगळीहूनही बारीक अशा एका नळीच्या तोंडावर टांगलेला असतो, म्हणून हा लेख.

ही नळी गळायला लागली की काय होते ते सगळ्यांनी पाहिले आहे. रस्त्याकडेचा मिस्त्री जुनी गंजलेली नळी काढतो. तिच्या जागी फ्रिजच्या कामाची तांबडी नळी आणतो, फ्रिजवाल्याच्याच हत्याराने तिचे तोंड एकदा फुलवतो, नट कसतो, ब्रेक ऑइल ओततो, हवा काढतो आणि म्हणतो, "झालं, जा." गाडी जातेही. त्या दिवशी थांबतेही. आमचे भांडण या "झालं, जा" शी आहे.

आधी त्या नळीला काय सोसावे लागते ते पाहू. ड्रायव्हरने घाबरून पॅडलवर चाळीस किलोचा जोर दिला असे समजा. पॅडलचा दांडा तो जोर पाचपट करतो, म्हणजे मास्टर सिलिंडरच्या दट्ट्यावर दोनशे किलो. दट्ट्या बावीस मिलिमीटर व्यासाचा असेल तर त्याचे क्षेत्रफळ चार चौरस सेंटिमीटरच्याही आत भरते. हिशोब करा, दर चौरस सेंटिमीटरला पन्नास किलोच्या वर दाब झाला. पाठीवरच्या फवारणी पंपात तीन-चार किलो असतो आणि तेवढ्यानेही सैल वायसरमधून औषध अंगावर उडते. जीपच्या टायरात दोन किलोच्या आसपास हवा असते. ब्रेकच्या नळीत त्याच्या पंचवीसपट दाब आणि तोही एका क्षणात चढतो, दिवसातून शेकडो वेळा चढतो आणि उतरतो. गाडीला बूस्टर असेल तर आकडा आणखी वर जातो.

हा दाब धरून ठेवायला नळीच्या तोंडाशी रबराचा वायसर नसतो, डिंक नसतो, धागा नसतो. नळीचे फुलवलेले तोंड सिलिंडरच्या धातूच्या बैठकीवर नटाने दाबून बसवलेले असते. धातूवर धातू, एवढाच बंदोबस्त. म्हणून तोंड कसे फुलवले आहे यावर सगळे आले. कंपनी जी नळी घालते ती पोलादाची, दोन थरांची पत्र्याची गुंडाळी तांब्याने आतून सांधलेली असते. तिचे तोंड एकदाच फुलवले तर कडेला पातळ होते आणि चिरते. म्हणून ते दोनदा फुलवतात. आधी तोंड बोंडासारखे बाहेर फुगवायचे, मग फुगलेली कड आतल्या बाजूला दुमडून दाबायची, म्हणजे बैठकीवर दुहेरी पदर बसतो. गोणपाटाची कड दुमडून शिवतात ती उसवत नाही, एकेरी कड उसवते. मायबहिणींना हे गॅरेजवाल्यापेक्षा लवकर कळेल.

फ्रिजवाल्याचे हत्यार एकेरी तोंड करते. ते त्याच्या कामाला योग्यच आहे. त्याची नळी मऊ तांब्याची असते, एका जागी बसलेल्या यंत्रात असते, तिला खड्डे लागत नाहीत. तेच तांबे गाडीखाली लावले की रात्रंदिवस थरथरते. थरथरून तांबे कडक होत जाते आणि एक दिवस नटाच्या मागेच गोल चीर पडते. वाकवून वाकवून तार तोडतो तसेच. मिस्त्री सांगेल, तांबे गंजत नाही. खरे आहे, पण गंजायच्या आधीच तुटते. न गंजणारी नळी हवी असेल तर तांबे-निकेल मिश्रणाची ब्रेकसाठीच बनवलेली नळी मिळते. ती मऊ असते, वळवायला सोपी असते आणि थरथर सोसते. तिलाही तोंड दुहेरीच लागते. आमच्या भागात हा मुद्दा लहान नाही. आपल्याच गाड्यांतून पोटॅशची, युरियाची पोती जातात, पोते फुटते, दाणे चेसिसवर सांडतात, त्यावर काळ्या मातीचा चिखल बसतो. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे एक मीठच. नळी जिथे पट्टीने चेसिसला बांधलेली असते तिथे हे ओले मीठ महिनोन्‌महिने राहते आणि वरून न दिसता पोलाद खाते.

जुन्या जीपवाल्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नव्या गाड्यांच्या ब्रेकला दोन वेगळे मार्ग असतात. एक फुटला तर दुसरा निम्मेशिम्मे का होईना धरतो. जुन्या जीपचा मास्टर सिलिंडर एका घराचा. चारातल्या कोणत्याही चाकाची नळी फुटली की चारही चाके मोकळी. पातूरच्या घाटात भरलेली जीप अशी मोकळी झाली तर हँडब्रेक काय करतो ते कोणी आम्हाला शिकवायला नको.

सरकारचे काय, तर सरकारचे म्हणणे असे की आम्ही नियम केलेत. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे, त्यातला ९६ वा नियम ब्रेकचा. मालवाहू गाडीला पासिंग लागते, गाडी एमएच-३७ ची असो की एमएच-३० ची. पण पासिंगच्या दिवशी तांब्याची एकेरी तोंडाची नळीही ब्रेक लावून दाखवते. ती फुटते पासिंगनंतर, ओझ्याखाली, उतारावर. कागदाने गाडी थांबत नाही. नळीचे तोंड ज्या हत्याराने केले त्याच्यावर ते ठरते. आणि त्या हत्याराची चौकशी ना कोणता इन्स्पेक्टर करतो, ना गाडीचा मालक करतो.

तेव्हा हत्याराकडे येऊ.

बाजारात सर्वांत जास्त खपते ती दोन पट्ट्यांची जोडी. पट्ट्यांत वेगवेगळ्या मापांची भोके असतात, नळी भोकात धरायची, कानाचे दोन नट हाताने पिळायचे आणि वरून स्क्रूचा शंकू दाबायचा. सोबत छोटी बटणे दिली तर याच्यावर दुहेरी तोंडही करता येते, असे डब्यावर छापलेले असते. मऊ नळीवर ते बऱ्यापैकी जमते. पोलादी नळीवर हलकी पट्टी दगा देते. कारण साधे आहे. बटणावर जोर आला की नळी पट्टीतून खाली सरकते. कानाचे नट हाताने कितीही पिळले तरी तिला धरत नाहीत. नळी सरकली की वर राहिलेला भाग कमी पडतो, दुमडायला पदर पुरत नाही, तोंड बारीक आणि वाकडे होते. पकड वाढवायला मिस्त्री पट्टी पकडीने आवळतो, मग पट्टीच वाकते किंवा तिचे दाते नळीवर खोल चरे पाडतात आणि त्या चऱ्यातून गंज शिरतो. हलक्या बटणाची मधली सुई नळीतच तुटून बसते हा अनुभव तर गॅरेजागणिक ऐकायला मिळतो.

दुसरे हत्यार वाइसमध्ये धरायचे. यात प्रत्येक मापाच्या नळीला स्वतंत्र दोन अर्ध्या डाय असतात. त्या नळीला चांगल्या लांबीवर सगळीकडून धरतात आणि लांब दांड्याने आवळतात. समोर फिरती चकती, तिच्यावर क्रमाने ठोसे: पहिल्याने नळीची लांबी बरोबर लावायची, दुसऱ्याने फुगवायची, तिसऱ्याने दुमडायची. डोळ्याच्या अंदाजावर काही सोडलेले नाही. तिसरे म्हणजे हातात मावणारे, ज्याने गाडीखाली झोपून, जागेवरच नळीचे तोंड करता येते. काही स्क्रूचे, काही तेलाच्या दाबाचे. ज्याचे रोजचे गॅरेज आहे त्याने तिसरेही ठेवावे. पण गावाने मिळून एकच घ्यायचे असेल तर आमचे स्पष्ट मत वाइसमधल्या हत्याराला आहे. त्यात शिकाऊ पोराच्या हातूनही दहा तोंडे एकसारखी निघतात.

दुकानात गेल्यावर डबा पाहू नका, डाय पाहा. दोन अर्धे एकमेकांवर ठेवून उजेडाकडे धरा. मधून उजेड दिसला किंवा नखाला पायरी लागली तर ठेवून द्या. कानशीचे टोक डायच्या कोपऱ्यावर हलकेच ओढा. कानस घसरली तर पोलाद पाणी दिलेले आहे, कानशीने धातू खाल्ला तर पन्नास तोंडांनंतर ती डाय भोक मोठे करून बसेल. दुकानदार कानस लावू देत नसेल तर का देत नाही ते ओळखा. मापाचे आकडे डायवर खोदलेले हवेत. आपल्या बहुतेक गाड्यांची नळी इंचाच्या तीन-सोळांश मापाची, म्हणजे ४.७५ मिलिमीटरची असते. पाच मिलिमीटरची डाय "चालून जाईल" म्हणून गळ्यात मारतात. पाव मिलिमीटरने काय होते? नळी सरकते, एवढेच होते, आणि पुढचे वर लिहिले आहे. पोलादी नळीसाठी आहे असे हत्याराच्या पत्रकात लिहिलेले असावे, ठोसा तुटला तर सुटा मिळावा आणि शंकू गुळगुळीत, आपल्या आसावर मोकळा फिरणारा असावा. नाहीतर तो तोंड दाबण्याऐवजी खरवडतो.

पैसे मोजण्याआधी दुकानातच पाच तुकड्यांची तोंडे करून मागा. नळी कटरने कापलेली हवी; हॅक्सॉने कापली तर कड तिरकी येते आणि किस आत जाऊन व्हील सिलिंडरच्या रबराला ओरखडतो. आतली कड साफ करा, तोंडाला कानस मारून चौरस करा, ब्रेक ऑइलचा थेंब लावा. पाचही तोंडे कंपनीच्या जुन्या नळीच्या तोंडाशी ताडून पाहा. मग एक तुकडा उभा चिरा. आत दोन पदर नीट एकावर एक बसलेले दिसले पाहिजेत, मध्ये पोकळी नको, कडेला चीर नको, एक बाजू जाड एक बारीक नको. आणि नट नळीत आधी घालायचा असतो बरे! तोंड फुलवल्यावर तो चढत नाही. मोठमोठे मिस्त्री हे विसरतात आणि सुरेख झालेले तोंड कापून टाकतात.

एक सापळा राहिला. सगळ्या गाड्यांचे तोंड एका जातीचे नसते. एका जातीत सिलिंडरच्या भोकात मध्ये उंचवटा असतो, त्याला वर सांगितलेले दुमडलेले दुहेरी तोंड लागते. दुसऱ्या जातीत भोकाच्या तळाशी खोलगट बैठक असते, तिला न दुमडलेले, बोंडासारखे फुगीर तोंड लागते आणि त्याची डायची बाजू वेगळी असते. एकाचे तोंड दुसऱ्यात कसले तर कसले जाते, काही दिवस धरतेही. आट्यांचेही तसेच. जुन्या जीपांना इंची आटे, पुढच्या बऱ्याच गाड्यांना दहा मिलिमीटरचे. इंचातला तीन-अष्टमांश नट दहा मिलिमीटरच्या भोकात सैलसर फिरतो आणि शेवटी घट्ट झाल्यासारखा वाटतो. जोराचा ब्रेक लागला की आट्यांसकट बाहेर येतो. म्हणून जुनी नळी फेकून देऊ नका. तिचे तोंड आणि नट समोर ठेवूनच नवी करायला सांगा. नळी मधेच फुटली तर तुकडा कापून रिंग-नटाचा सांधा मारणारे महाभागही आहेत. तो सांधा पाण्याच्या नळाला ठीक, ब्रेकला कधीच नाही.

तयार नळी कंपनीची मिळत असेल तर तीच घ्या, हत्याराच्या भानगडीत पडू नका. हे आम्ही मोकळेपणाने सांगतो. अडचण अशी की जुन्या गाडीची तयार नळी अकोल्यातही मिळेल याची खात्री नाही, आणि वेचणीच्या दिवसांत गाडी आठवडाभर उभी ठेवणे कोणाला परवडत नाही.

आता मिस्त्रीविषयी. त्याला शिव्या देऊन प्रश्न सुटत नाही. एका नळीच्या कामाचे जे हातावर पडते त्यात तो चांगले हत्यार कधी घेणार? मजुरीवरून त्याच्याशी घासाघीस करणारा माणूस कोण असतो? तोच, जो बाजार समितीच्या आवारात कापसाला उत्पादन खर्चावर भाव मागतो. आपल्या घामाचे दाम मागायचे आणि दुसऱ्याच्या घामाला स्वस्ताई लावायची, हे दुकान दिल्लीवाल्यांचे आहे. १९ ऑगस्ट २०२५ ला त्यांनी कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क काढले, आधी सप्टेंबरअखेर आणि मग ३१ डिसेंबरपर्यंत. गिरण्यांना कापूस स्वस्त हवा होता, झाला. २०२५-२६ साठी लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये लिहिला, आणि आपला कापूस बाजारात यायच्या वेळी दार बाहेरच्या कापसाला उघडले. शरद जोशींनी ज्याला उणे सबसिडी म्हटले ती अशीच असते; देताना दिसत नाही, घेतानाही दिसत नाही.

करांच्या यादीतही हाच विचार आहे. खुरपे, विळा, कुऱ्हाड यांवर जीएसटी नाही. फार उपकार झाले! पाना, पकड, पाइप कापायचे कटर, गॅरेजचे हत्यार यांवर १८ टक्के. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारीचे सुटे भाग २८ वरून १८ वर आले आणि ट्रॅक्टर ५ टक्क्यांत आला, याच्या जाहिराती वाचल्या. कारखानदार भरलेला कर पुढे वळता करून घेतो. कास्तकार तो कोणाकडून वळता करणार? सरकारच्या डोळ्यांपुढे शेतकरी म्हणजे हातात खुरपे घेऊन वावरात वाकलेला माणूस. त्याच्याकडे गाडी असेल, गाडीला ब्रेक असेल आणि ब्रेक नीट ठेवायला हत्यार लागेल, हे त्या चित्रात बसत नाही. अवजार बँकेच्या योजना निघतात, त्यात रोटाव्हेटर असतो, पेरणी यंत्र असते. बंद पडलेले दुरुस्त करायचे हत्यार आम्ही तरी त्या यादीत पाहिलेले नाही.

ही नळी चळवळीचा विषय कशी, याचे उत्तर बाजारात आहे. १९७२ ला एकाधिकार खरेदी सुरू झाली तेव्हा कापूस राज्याबाहेर न्यायला बंदी होती, आणि ती बंदी मोडण्यासाठी शेतकऱ्यांनी लाठ्या खाल्ल्या. ती योजना गेली. आता कापूस कुठेही नेता येतो, पण ज्याच्याकडे गाडी आहे त्यालाच. बाकीच्यांच्या दारात खेडा खरेदीवाला काटा घेऊन येतो आणि त्याला ठाऊक असते की समोरच्याला दुसरीकडे जायचे साधन नाही. १९९१ ला शेगावच्या मेळाव्यात चतुरंग शेती मांडली गेली. सीता शेती आणि माजघर शेती घरात करता येते. व्यापार शेतीला चाके लागतात. मंगरूळपीरला भाव पाडला तर कारंजाला, तिथेही जमले नाही तर अकोल्याला जाता आले पाहिजे, भरलेली गाडी घेऊन, रात्री, उतारावरून. ब्रेकचा भरवसा नसलेला माणूस एवढ्या लांब जात नाही. तो जवळच्या काट्यावर मिळेल त्या भावात माल टाकतो.

म्हणून आमची सूचना अशी. गाडी असलेल्या आठ-दहा जणांनी वर्गणी काढून वाइसमधले एक चांगले हत्यार, कटर आणि ब्रेकच्या नळीचे वेटोळे घ्यावे. ते गावातल्या वा सर्कलमधल्या कुशल मिस्त्रीकडे ठेवावे, मालकी वर्गणीदारांची, वापर त्याचा. बाहेरच्या गिऱ्हाइकाकडून तो योग्य मजुरी घेईल, त्यातून ठोसे-डाय बदलत राहतील. आपल्याकडूनही तो पुरी मजुरी घेईल, यात सवलत मागायची नाही. अनुदानाचा अर्ज करू नका. अनुदानात येणारे हत्यार टेंडरमधले सर्वांत हलके असते, आणि वर फोटो काढायला उभे राहावे लागते. आयटीआयमध्ये शिकलेली पोरे गावात रिकामी बसली आहेत. दुहेरी तोंड करायला त्यांना अर्धा दिवस पुरतो.

नळी बसवून हवा काढली की इंजिन चालू ठेवून पॅडल पूर्ण ताकदीने एक मिनिट दाबून धरायचे आणि दुसऱ्याने कोरडा कागद घेऊन प्रत्येक नटाखाली पुसून पाहायचे. कागद ओला झाला, पॅडल हळूहळू खाली गेले, तर गाडी हलवायची नाही. दोन दिवस माल ओढल्यावर पुन्हा एकदा पुसून पाहायचे. बाटली फोडून वर्ष झालेले ब्रेक ऑइल वापरायचे नाही. ते हवेतले पाणी ओढते आणि नळी आतून गंजवते.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना गाडीवाल्यांनी आपल्या गाडीची जुनी काढलेली नळी, नटासकट, पिशवीत घालून आणावी. कोणत्या गाडीला कोणते तोंड आणि कोणते आटे याची गाडीवार यादी तिथेच बसून करू, म्हणजे डाय कोणत्या मागवायच्या ते ठरवता येईल. ज्यांच्या गाडीखाली आज तांब्याची नळी आहे त्यांनी बैठकीची वाट पाहू नये. वेचणीच्या बाया गाडीत चढायच्या आधी ती बदलावी.